काच रोधक आहे, पण कुठवर?

पावसाळा तोंडावर आला की एक संदेश हमखास फिरू लागतो: "धातूतून वीज वाहतेच, काच, लाकूड, रबर यांतून कधीच नाही. रोधकात मोकळे इलेक्ट्रॉन नसतात, हा त्यांचा कायमचा गुण. पायात रबरी चप्पल असली की ओल्यातही निर्धास्त राहा." शेवटच्या वाक्याने जीव जाऊ शकतो, म्हणून हे उत्तर.

"कायमचा गुण." काचेची कांडी लालभडक तापवा, तिच्यातून वीज वाहू लागते. गार काचेत सोडियमचे आयन, म्हणजे विद्युतभार असलेले अणू, अडकून पडलेले असतात, तापल्यावर ते सरकू लागतात. इलेक्ट्रॉन मोकळे नसले तरी विद्युतभार वाहणारं दुसरं कुणी असतं. जर्मन शास्त्रज्ञ वाल्टर नेर्न्स्ट यांचा १८९७चा दिवा यावरच चाले: त्यातली सिरॅमिक कांडी आधी तापवावी लागे, मगच ती वीज घेई.

व्हॅनेडियम डायऑक्साइड, म्हणजे व्हॅनेडियम धातू आणि ऑक्सिजन यांचं संयुग, तर मला फार विलक्षण वाटतं. ६८ अंश सेल्सिअसच्या खाली ते वीज अडवतं, वर गेलं की धातूसारखं वाहू देतं. मॉरिन या संशोधकांनी हे १९५९ मध्ये दाखवलं. गार असताना त्यातले व्हॅनेडियमचे अणू जोड्या करून बसतात, तापल्यावर जोड्या सुटतात. वीज अडते ती या जोड्यांमुळे की इलेक्ट्रॉनांच्या आपसातल्या ढकलाढकलीमुळे, यावर अभ्यासक अजून वाद घालतात.

"धातूतून वाहतेच." सोडियम या धातूवर वातावरणाच्या सुमारे २० लाख पट दाब दिला तेव्हा तो पारदर्शक आणि रोधक झाला. हे २००९ मध्ये प्रसिद्ध झालं. दाबामुळे इलेक्ट्रॉन अणूंमधल्या फटींत कोंडले गेले होते.

आता चप्पल. काळ्या रबरात बहुधा काजळी मिसळलेली असते, आणि काजळी वीज वाहते. किती मिसळली त्यावर रबर रोधक राहतं की नाही ते ठरतं. तळवा, पट्टा भिजले की क्षार विरघळलेलं पाणीच वाट करून देतं. भिजलेल्या लाकडाचंही तेच. शिवाय एक हात वीज उतरलेल्या पाण्याच्या मोटारीवर आणि दुसरा ओल्या भिंतीला टेकलेला असेल, तर प्रवाहाला चपलेतून जावंच लागत नाही. तो छातीतून जातो. लाइनमनचे रबरी हातमोजेसुद्धा ठरावीक व्होल्टेजपुरतेच असतात आणि पुन्हा पुन्हा तपासावे लागतात. घरच्या चपलेची तशी तपासणी झालेली नसते. मोटारीला हात लावण्याआधी मेन स्विच बंद करा.