२.७० मिनिटे संरक्षण म्हणे!

आज खो-खोच्या एका बातमीत वाचलं, 'तिने दोन डावांत मिळून २.७० मिनिटे संरक्षण केले.' अहो, मिनिटाला सेकंद ६० असतात! संरक्षण म्हणजे बाद न होता टिकलेला वेळ, आणि तिचं पहिल्या डावातलं १.५० म्हणजे एक मिनिट पन्नास सेकंद. त्यात दुसऱ्या डावातले १.२० मिळवले की ३.१० होतात. इंटर्न पोराने मोबाईलवर बेरीज केली, संपादकीय डेस्कने डोळे मिटून लावली, छापून आलं.

सकाळपासून ते कात्रण ग्रुपवर फिरतंय, हसणं चाललंय. हसणाऱ्यांनी एवढंच सांगावं, त्या विद्यार्थ्याला मैदानावर पाठवलं होतं कोणी? क्रीडा पानावर इंटर्न म्हणून घ्यायचं आणि दिवसभर प्रेसनोटा टाईप करायला लावायच्या, नाहीतर आयपीएलवाल्यांच्या इन्स्टा पोस्ट शोधायला. हो, वाचक तिकडेच जातो आणि पगारही त्यातूनच निघतो, मान्य. पण अशाने बातमीदार तयार होत नाही, टायपिस्ट होतो.

शालेय जिल्हास्तरीय खो-खोला पाठवा ना त्याला. गुणलेखकाच्या मागे बसू दे. वहीत चार पाळ्यांना चार पानं (पाळी म्हणजे एका संघाचं एकदाचं आक्रमण). रकाने साधे: गड्याचा नंबर, कितव्या मिनिटाला बाद, कोणी केला, कसा (खांबावर, सूर मारून की साध्या स्पर्शाने). संरक्षक तीन-तीनच्या तुकडीने येतात, त्याच क्रमाने लिहायचं. सामन्याआधीच दोन्ही प्रशिक्षकांकडून बारा-बारा जणांची पूर्ण नावं नंबरासकट घ्यायची. एका संघात तीन पाटील असतात, आणि फोटोओळीत हमखास भलताच पाटील छापला जातो. निघताना गुणपत्रिकेचा फोटो काढून वहीशी तिथेच ताडायचा. रात्री डेस्कवरून फोन केला तर गुणलेखक उचलत नाही.

वेळेची बेरीज आधी सेकंदांत करायची. ११० अधिक ८०, १९०. मग मिनिटं. झालं!

मोबाईलवर खेळ बघून आलेली मुलं आणखी एका ठिकाणी फसतात. जानेवारी २०२५ च्या विश्वचषकात आपल्या मुलींनी नेपाळला ७८-४० असं हरवलं. तिथे सात जणांचा खेळ, बाद केलेल्या गड्याला दोन गुण, वर ड्रीम रन, म्हणजे बराच वेळ टिकलेल्या संरक्षक तुकडीलाही गुण. आपल्याकडच्या नऊ जणांच्या, नऊ मिनिटांच्या पाळीत एका गड्याला एकच गुण. विश्वचषकाचा हिशोब इथे लावला की गुणफलकाचा बट्ट्याबोळ. विजयही तीन तऱ्हेचे: एक डाव राखून, नुसत्या गुणांनी, किंवा नंतर आक्रमण करणाऱ्यांनी वेळ संपायच्या आधीच समोरच्यांचे गुण ओलांडले तर मिनिटं राखून. बरोबरी सुटलीच नाही तर लघुत्तम आक्रमण, म्हणजे पहिला गडी कोणी कमी वेळात टिपला ते बघायचं. हे मैदानाकडेला बसल्याशिवाय डोक्यात शिरत नाही.

आणि 'कसं वाटतंय?' विचारू नका रे बाबांनो. 'छान वाटतंय' एवढंच मिळतं. 'शेवटच्या पाळीत तुकडी का बदलली?' असं विचारा, प्रशिक्षक दहा मिनिटं बोलतो.

खरं सांगू? त्या २.७० वर मला आता तेवढा राग नाही. त्या सामन्याची प्रेसनोट माझ्याकडेही आहे, तिच्यात बेरीज नाहीच. म्हणजे पोराने ती स्वतःहून करायला घेतली. बाकीच्यांनी प्रेसनोट जशीच्या तशी चिकटवली, म्हणून त्यांचं काही चुकलं नाही.

संपादक मंडळी, पुढच्या जिल्हा स्पर्धेला त्यालाच पाठवा. बातमी द्यायची वेळ तासभर पुढे घ्या, बातमीवर त्याचं नाव द्या, आणि एसटीचं भाडं आधी हातात ठेवा. बिलं नंतर बघू म्हणता, ती वर्षभर कोणी बघत नाही.