'कबाड्याचा अंदाज' म्हणणाऱ्या भाऊंना

बीसी-३४८ या दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकन विमानी रेडिओ रिसीव्हरवरच्या माझ्या लेखाखाली 'जुना ऑपरेटर' या नावाने लिहिणाऱ्या भाऊंनी चांगलीच तोफ डागली आहे. त्यांचं म्हणणं असं: सेटच्या नावाच्या पट्टीवर बीसी-३४८-आर लिहिलंय म्हणजे सेट आर मॉडेलचाच. आतले व्हॉल्व, म्हणजे रेडिओच्या नळ्या, बघून तो जे, एन, क्यू या मॉडेलांच्या गटातला ठरवणं हा निव्वळ 'कबाड्याचा अंदाज'. शिवाय मागाहून कुणी व्हॉल्व बदलले असतील, फोटो धूसर आहेत आणि फ्रिक्वेन्सी अर्धीच दिली आहे.

फ्रिक्वेन्सीचं मान्य. १.५ ते १८ मेगाहर्ट्झ लिहिलं आणि खालचा २०० ते ५०० किलोहर्ट्झचा बँड राहून गेला. दुरुस्त केलंय, आभार.

पण 'कबाडी' हा शब्द शिवी म्हणून काहून वापरता? नागपूरच्या इतवारीत ज्या कबाड्यांकडून मी हा सेट किलोच्या भावात उचलला, त्यांनी मागचा डायनॅमोटर (बॅटरीच्या कमी व्होल्टेजवरून सेटला लागणारं जास्त व्होल्टेज तयार करणारी मोटर) बघून "विमानातला आहे, अठ्ठावीस व्होल्ट" असं चष्मा न लावता सांगितलं. बरोबर सांगितलं. तुम्ही तर सेट पाहिलाही नाही. हेच जरा नीट विचारलं असतं, तर मीही नीट सांगितलं असतं.

राहिली पट्टी. ती पत्र्याचा तुकडा आहे हो, या सेटची काढून त्या सेटला लागते. माझ्या सेटवर पट्टीचे दोन स्क्रू जुने काळपट आणि दोन चकचकीत पितळी आहेत. आता झाकण काढा. आरमध्ये ६के७ जातीचे व्हॉल्व असतात: डोक्यावर टोपी, टोपीला क्लिप, क्लिपला वायर. जे, एन, क्यूमध्ये ६एसके७ असतात, त्यांची सगळी जोडणी खालच्या पिनांतून, डोकं सपाट. माझ्या सेटमधले काळे धातूचे व्हॉल्व सपाट डोक्याचे आहेत आणि त्यांच्यावर व्हीटी-११७ छापलंय. व्हीटी-११७ म्हणजे अमेरिकन लष्कराच्या भाषेत ६एसके७. टोपीची एक लोंबती वायरसुद्धा आत नाही.

'बदलले असतील' यावर काय बोलायचं? असेल-नसेल करत बसलो तर इथेच संध्याकाळ व्हायची. फोटोंचंही जाऊ द्या.

माझे मोठे मामा हवाई दलात वायरलेस मेकॅनिक होते. मी बारा वर्षांचा असताना धरमपेठेतल्या गच्चीवरच्या खोलीत माझ्या डोळ्यांवर रुमाल बांधून हातात व्हॉल्व द्यायचे, "सांग, कोणता?" चुकलं की टपली. तुम्ही ऑपरेटर होतात, त्याचा मान आहेच. पण ऑपरेटर नॉब फिरवतो, झाकण मेकॅनिक उघडतो.

तरी रविवारी सकाळी या. सेट टेबलावर उघडाच आहे. तर्री पोहे माझ्याकडून, फक्त खाल्ल्यावर हात धुतल्याशिवाय चासीला, म्हणजे सेटच्या आतल्या पत्र्याच्या सांगाड्याला, बोट लावायचं नाही.