बिनभट्टीची भुतं

'ओव्हनची गरज नाही' हे साताऱ्यात कुणी इतक्या कौतुकानं का सांगावं, हे मला उमगत नाही. आमच्या घरात ओव्हन कधी नव्हताच. आजीच्या काळात दिवाळी आली की नानकटाईचं पीठ मळून, पत्र्याचे ट्रे डोक्यावर घेऊन बेकरीत नंबर लावायचा आणि परत येताना ट्रे आपलेच आहेत ना, हे कडेला बांधलेल्या चिंधीवरून ओळखायचं. एवढाच आमचा भट्टीशी संबंध. तरीही सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर हॅलोविनची, म्हणजे ३१ ऑक्टोबरच्या त्या परदेशी भुतांच्या सणाची, पार्टी ठरली, मुलांसाठी 'इझी नो-बेक' गोड पदार्थ कोण करणार असं कुणीतरी विचारलं, आणि बायकोनं माझं नाव टाकलं. "भाजायचं नाही, तळायचं नाही. तुलासुद्धा जमेल." त्या 'सुद्धा'वर ग्रुपमध्ये बरेच अंगठे पडले.

त्यात २०२४ साली ३१ ऑक्टोबर नेमका नरक चतुर्दशीला आला. पहाटे उटणं लावून, कारीट फोडून नरकासुराचा निकाल लावायचा आणि संध्याकाळी त्याच्याच भाऊबंदांना चॉकलेटात घोळवून ताटात मांडायचं. आईला मी हे समजावून सांगितलं. तिला भुतांचं वावडं नाही, तिची अडचण वेगळीच. "भुतं म्हणजे कुठली रे? मुंजा का खवीस? हडळ करणार असशील तर पाय उलटे लाव."

हॅलोविनला करतात तसा भोपळ्यात भुताचा चेहरा कोरण्याचा प्रस्ताव लवकरच बारगळला. आयर्लंडात म्हणे आधी सलगम कोरायचे. तिथली माणसं अमेरिकेत गेली, तिकडं भोपळे मोठे नि कोरायला सोपे, म्हणून त्यांनी भोपळा धरला. त्यांना आमच्या मंडईतला पाठीचा लाल भोपळा मिळाला असता, तर जन्मभर सलगमावर राहिले असते. शिवाय अख्खा भोपळा बाईमाणसानं आधी चिरायचा नाही, हा आमच्या घरचा नियम. म्हणजे विळी पुन्हा माझ्याकडेच. शेवटी संत्री सोलली, प्रत्येकाच्या डोक्यात कोथिंबिरीचं देठ खोचलं आणि 'हे भोपळे' असं जाहीर केलं. साताऱ्यात जाहीर केलेल्या गोष्टीला सहसा कुणी आव्हान देत नाही.

भुतांसाठी मार्शमेलो, म्हणजे त्या पांढऱ्या, मऊ, गुबगुबीत गोड वड्या, आणायचे होते. पण त्यातलं जिलेटिन जनावरांच्या हाडा-कातड्यातून येतं हे लेकीनं आजीसमोर मोठ्यानं वाचून दाखवलं. त्या पाकिटानं सणाच्या दिवशी उंबरा ओलांडला असता, तर घरातलं खरं भूत कोण ते मला समजलं असतं. म्हणून केळी. अर्धं केळं उभं करायचं, चॉकलेटचे दोन ठिपके म्हणजे डोळे. पाचच मिनिटांत पांढरीशुभ्र भुतं तयार, आणि जेवणं होईतो सगळी काळवंडली. कापलेल्या केळ्याला हवा लागली की ते काळं पडतं. लिंबाचा रस चोळला तर जरा दम धरतं, पण लिंबू चोळलेलं भूत हा आईच्या मते उतारा झाला, आणि उतारा खायचा नसतो.

खरा घाम काढला तो चॉकलेटच्या कोळ्यांनी, म्हणजे जाळं विणणाऱ्या. मेरी बिस्किटांचा चुरा, कोको, कंडेन्स्ड मिल्क, एवढ्याचे गोळे वळायचे नि वितळलेल्या चॉकलेटात बुडवायचे. चॉकलेटमधलं कोको बटर अंगाच्या उष्णतेला विरघळतं. जिभेवर विरघळतं म्हणून जगभर त्याचं कौतुक होतं, ते तळहातावरही विरघळतं हे मात्र कुणी सांगत नाही. गरम पाण्याच्या पातेल्यावर वाडगा ठेवून मी ते हलक्या हातानं ढवळत होतो. तेवढ्यात आई मागून आली. "अरे, झाकण ठेव की, वाफ मुरू दे." आणि तिनं ठेवलंच. झाकणाच्या पोटाला जमलेलं पाणी टपटप आत. चॉकलेटात पाण्याचा थेंब पडला की त्यातली साखर नि कोको ओले होऊन एकमेकांना घट्ट धरतात. पोवई नाक्यावर रस्ता करताना उरलेल्या डांबरासारखा एक गोळा माझ्या चमच्याला लटकला. यावर उपाय म्हणजे आणखी गरम दूध! घोटलं की सैल होतं, पण मग ते कडक होऊन बसत नाही. त्यामुळे आमचे कोळी शेवटपर्यंत घामेजलेले राहिले.

मग पाय. मी बाजूला तीन-तीन लावत होतो, तर लेक म्हणाली, "बाबा, सहा पाय कीटकाला. कोळ्याला आठ." तीस कोळी गुणिले आठ, दोनशे चाळीस पाय. एवढ्या बारीक, वाकड्या, गुडघ्यात दुमडल्यासारख्या काड्या ऐन दिवाळीत एकाच डब्यात मिळतात. चकलीच्या. म्हणजे बिनभट्टीच्या कोळ्याला उभं राहायला शेवटी भाजणीचेच पाय लागले, तेही तळलेले. वरचा थर संपल्यावर आईनं डबा उचलून देवघरात नेऊन ठेवला, म्हणून शेवटचे काही कोळी लंगडे आहेत.

ओव्हन लागत नाही, पण फ्रिज लागतो. आमच्या फ्रिजात खवा, ओलं खोबरं, चक्का आणि पाहुण्यांच्या नावानं राखून ठेवलेले कंदी पेढे. कोळ्यांना जागा मिळाली ती भाज्यांच्या कप्प्यात, मेथीच्या जुडीवर. तिथं ते इतके खरे दिसत होते की सकाळी बायकोनं पहिली किंकाळी तिथंच फोडली. सगळ्या पार्टीत दुसरी ऐकू आली नाही.

कारण घाबरायला कुणी मोकळंच नव्हतं. गच्चीवर मुलं पांढऱ्या चादरी पांघरून, तोंडाला पावडर फासून आली. आज्यांना ती इतकी गोजिरी दिसली की आई मीठ-मोहऱ्या घेऊनच वर आली आणि ओळीनं उभं करून तिनं सगळ्या भुतांची दृष्ट काढली. एक वेताळ तर मोहरीच्या धुरानं शिंकायला लागला. पोरांनी कोळ्यांचे पाय मोडून कुरकुरीत खाल्ले, धडं तशीच ठेवली.

ती धडं वरच्या मजल्यावरच्या काकांनी संपवली. काकांना साखर आहे, काकू गावाला गेल्या होत्या. मी हळूच म्हटलं, "काका, जरा बेतानं."

"अरे, ग्रुपवर वाचलंय मी," काका पुढचा कोळी उचलत म्हणाले, "नो-बेक आहे. भाजलेलं नाही ना? मग बाधत नाही."