‘मिठागरं तर मुलुंडलाही आहेत’: ट्रापानी सहलीच्या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार,

इटलीच्या सिसिली बेटावरच्या आमच्या ट्रापानी सहलीबद्दलचा तुमचा दोन स्टारचा रिव्ह्यू वाचला. सहलीत तुम्ही फारसं बोलला नाहीत, त्यामुळे मनात इतकं साठलंय हे इथेच कळलं. उन्हात तंगडतोड, मिठागरं दाखवून पैसे उकळले, बोटीचा दिवस फुकट, रोम दाखवलंच नाही, आणि आई तीन तास दारात बसून. शेवटची तक्रार आधी घेतो, कारण तीच लागली.

झिंगारो या किनाऱ्यावरच्या राखीव निसर्गक्षेत्राबद्दल आम्ही कार्यक्रमात ‘समुद्रकाठची रमणीय पायवाट’ एवढंच लिहिलं होतं. चूक आमची. सात किलोमीटरची ती वाट चढउताराची आहे, पायाखाली दगड, सावली नावापुरती, आत ना हॉटेल ना टपरी. काकूंचे गुडघे दुखतात हे फॉर्ममध्ये तुम्ही लिहिलं होतं. त्यांना हे पुण्यातच सांगायला हवं होतं, स्कोपेल्लो गावाकडच्या प्रवेशद्वारात नव्हे. त्या दिवशी त्यांना गाडीने सान व्हितो लो कापोच्या वाळूवर नेता आलं असतं. आम्हाला सुचलं नाही. त्यांच्या त्या दिवसाचे पैसे परत करतोय. कार्यक्रमात आता अंतर, चढ, बूट, पाणी सगळं लिहिलंय.

पण ‘ड्रायव्हरला चार पैसे दिले असते तर गाडी आत गेली असती’ हे मात्र नाही हो. आत रस्ताच नाही. सुरुवातीला ज्या बोगद्यातून तुम्ही चालत गेलात, तो त्या न झालेल्या रस्त्यासाठीच खणला होता. स्कोपेल्लोहून सान व्हितोपर्यंत किनाऱ्याने गाडीरस्ता व्हायचा होता. १८ मे १९८० रोजी हजारो माणसं त्याविरुद्ध तिथे चालत गेली, काम थांबलं, आणि १९८१ मध्ये झिंगारो हे सिसिलीतलं पहिलं राखीव निसर्गक्षेत्र झालं. रिव्ह्यूसोबत तुम्ही टाकलेला निळ्या पाण्याचा फोटो (सुंदर आलाय) त्या चालण्यामुळेच शक्य झाला, असं मी म्हणेन.

आता मिठागरं. ‘मुलुंडलाही आहेत, फ्लेमिंगो ठाण्याच्या खाडीत दिसतात.’ वाचून हसलो, कारण खरं आहे. माझं लहानपण उरणचं, मिठागराच्या बांधांवरून शाळेत गेलोय. म्हणूनच तो थांबा मी हट्टाने ठेवला. आपल्याकडे भरतीचं पाणी आत घ्यायचं, काम झालं. ट्रापानीच्या समुद्राला भरती-ओहोटी अगदी थोडी, म्हणून पाणी एका खाचरातून दुसऱ्यात चढवायला त्यांनी पवनचक्क्या उभारल्या. आत लाकडी मळसूत्र फिरायचं. आता पंप आलेत. आपल्याकडे पावसाळ्याआधी मीठ उचलून मोकळं व्हायचं, तिथे उन्हाळाच्या उन्हाळा मीठ धरतात आणि पुढच्या पावसासाठी ढिगांवर चक्क कौलं रचतात. घरावर असतात तशी! १९९५ पासून हा परिसरही राखीव आहे. हे सगळं सांगायला तिथला माणूस होता, पण त्याचं इंग्रजी कुणाला कळेना, आणि मराठीत सांगायचं ते आमचे टूर मॅनेजर फोनवर. त्यांच्याशी बोललोय.

फाविन्याना बेटाची बोट मात्र आमच्या हातात नव्हती. ज्या वाऱ्यावर त्या चक्क्या चालायच्या त्याच वाऱ्याने सकाळची फेरी रद्द झाली. समुद्र खवळलेला असताना कप्तानाशी वाद घालणारा मी नाही. त्याऐवजी सेजेस्ताचं प्राचीन देऊळ दाखवलं, त्याचा रिव्ह्यूमध्ये उल्लेख नाही, असो. तिकिटाचे पैसे बोटवाल्यांनी आम्हाला परत केले आणि ते आमच्याच हिशेबात पडून राहिले, ही लाजेची गोष्ट आहे. या आठवड्यात तुमच्या आणि गटातल्या सगळ्यांच्या खात्यात जमा होतील. पुढच्या सहलींत बेटाचा दिवस दुसराच ठेवलाय, म्हणजे वारा सुटला तरी हाताशी दिवस उरतील.

रोम का नाही? कारण ही सहल एका प्रांताची आहे. रोमची वेगळी आहे, महागही आहे.

आणि एक राहिलंच. कौलं घातलेल्या ढिगाशी काकूंचा फोटो माझ्या फोनमध्ये आहे, त्यांनी दोनदा मागितला होता. त्यांचा व्हॉट्सॲप नंबर तोच आहे ना?