विल, वोन्ट आणि शांतादुर्गा

कारखान्यात तापमानाच्या नोंदी ठेवणारं एक जुनं यंत्र आहे. पासवर्ड उघड्यावरून जाऊ नयेत म्हणून तातू युलोनेन यांनी १९९५ मध्ये फिनलंडमध्ये एसएसएच, म्हणजे दूरच्या यंत्राशी गुप्तपणे बोलायची सोय, लिहिलं, ही वार्ता त्याच्या कानावर अजून गेलेली नाही. ते फक्त टेलनेट, म्हणजे दूरच्या यंत्राशी उघड्यावर बोलायची जुनी भाषा, बोलतं. फोंड्यात घरी बसून, व्हीपीएन या सुरक्षित बोगद्यामधून, पायथन या प्रोग्रामिंग भाषेतल्या टेलनेटलिब या तयार लायब्ररीच्या जोरावर मी त्याच्याशी सुखानं संसार करत होतो. मग पायथनच्या ३.१३ आवृत्तीतून टेलनेटलिबच काढून टाकली गेली.

"मामा, त्यात काय आहे?" फर्मागुडीला इंजिनीअरिंग शिकणारा भाचा म्हणाला. "पोर्ट २३ वर, म्हणजे टेलनेटच्या ठरलेल्या दारावर, सॉकेट उघडायचं, म्हणजे थेट जोडणी करायची. आलेलं दाखवायचं, टाइप केलेलं पाठवायचं."

उघडलं. लॉगिनऐवजी पडद्यावर कचरा आला. तो कचरा म्हणजे लग्नाची बैठक होती. टेलनेटचे नियम सांगणाऱ्या १९८३ च्या आरएफसी ८५४ या दस्तऐवजानुसार २५५ हा बाइट आला की गप्पा थांबवून अटी ऐकायच्या. २५३ म्हणजे डू, तुम्ही करा. २५१ म्हणजे विल, आम्ही करतो. नकाराला वोन्ट आणि डोन्ट. तुमचं टर्मिनल, म्हणजे टाइप करायचा पडदा, कुठल्या घराण्यातलं? खिडकी किती रुंद? एवढं ठरल्याशिवाय लॉगिन हा शब्द कुणी उच्चारत नाही.

भाच्यानं लिहिलेला पहिला अवतार अतिशय सभ्य होता. प्रत्येक विलला डू, प्रत्येक डूला विल. यंत्रही तितकंच सभ्य निघालं. ठरलेल्या गोष्टीला पुन्हा होकार द्यायचा नसतो, हा नियम दोघांनाही मान्य नव्हता. पंखा जोरात फिरू लागला, बैठक काही उठेना.

मग मी सूत्रं हाती घेतली आणि सरसकट नकार दिला. तसा हक्क असतो. यंत्र निमूटपणे लॉगिनवर आलं. पण अक्षरं उमटवून दाखवण्याचं कामही मी त्याला नाकारलं होतं, म्हणून ते आमच्याच टर्मिनलवर पडलं, आणि टर्मिनलला पासवर्ड आणि इतर मजकूर यांत भेद करता येत नाही. मागून आईचा आवाज आला, "शांतादुर्गेच्या नावापुढे एकशे तेवीस कशाला रे?"

पासवर्ड बदलला. उमटवण्याचं काम यंत्राला दिलं, तर एक अक्षर दाबलं की दोन उमटू लागली. इकडचं टर्मिनलही हट्टानं उमटवत होतं. त्याला रॉ मोडमध्ये, म्हणजे स्वतः काही न उमटवता प्रत्येक कळ जशीच्या तशी पुढे द्यायच्या अवस्थेत, टाकून गप्प केलं. तेव्हापासून प्रोग्राम थांबवणारं कंट्रोल-सीसुद्धा थेट यंत्राकडे जातं, आपला प्रोग्राम ढिम्म. तो मध्येच मेला तर टर्मिनल तसंच मुकं राहतं आणि त्याला ताळ्यावर आणणारा 'रीसेट' हा शब्द न दिसता टाइप करावा लागतो. आता तो मी अंधारातही बिनचूक टाइप करतो. गोव्याच्या पावसाळ्यात हे कौशल्य वाया जात नाही.

परवा सगळं जुळलं. नोंदी झरझर उतरू लागल्या आणि लाईट गेली. राउटर बंद. लॅपटॉप बॅटरीवर असल्यानं पडदा मात्र शांत, कनेक्शन शाबूत असल्याच्या थाटात. टीसीपीला, म्हणजे खालची जोडणी सांभाळणाऱ्या व्यवस्थेला, समोरचा गेल्याचं आपोआप कळत नाही. कीपअलाइव्ह, म्हणजे 'आहेस ना?' अशी विचारणा, चालू केलं तरी लॅपटॉपवरची लिनक्स प्रणाली पहिली हाक मारते ती दोन तासांनी.

"लाईट नाही, तर ते बोलतंय कुणाशी?" आईनं विचारलं.

"बोलत नाही. वाट बघतंय. दोन तास बघेल."

"मग तोवर नारळ सोलून दे."