"आधी मजुरीचं बोलू, बाकीचं नंतर"

इंटरसेक्शनॅलिटी, म्हणजे जात, वर्ग, बाईपण यांचे अन्याय एकमेकांत गुंतूनच येतात हा विचार, हे अमेरिकेतून आलेलं फॅड आहे असं कुणी म्हटलं की मला मुक्ता साळवे आठवते. सावित्रीबाई-जोतीरावांच्या शाळेतली मातंग मुलगी. १८५५ साली 'ज्ञानोदय'मध्ये छापून आलेल्या निबंधात तिनं मांग-महारांच्या बायकांच्या बाळंतपणाबद्दल लिहिलं, घरावर छप्परही नसताना होणारे हाल मांडले. बाळंतपण सगळ्याच बायकांना असतं. ते असं उघड्यावर येतं, ते जातीमुळे.

अमेरिकेतल्या कायद्याच्या अभ्यासक किंबर्ली क्रेनशॉ यांनी या गोष्टीला नाव दिलं ते १९८९ मध्ये. त्यांनी दाखला दिला तो एका खटल्याचा. पाच काळ्या बायकांनी जनरल मोटर्सवर खटला भरला होता. कंपनीत बायका होत्या, पण गोऱ्या, ऑफिसात. काळे होते, पण पुरुष, कारखान्यात. बाई आणि काळी या दोन तक्रारी एकत्र करता येणार नाहीत, असं कोर्टानं १९७६ मध्ये सांगितलं.

आता आपल्या सोलापूरच्या पूर्व भागात या. मांडीवर सूप घेऊन दिवसभर विड्या वळायच्या, हजार विड्यांमागे मजुरी, आणि माल देताना छाट निघाली, म्हणजे विड्या खराब म्हणून बाजूला काढल्या, की तेवढे कष्ट पाण्यात. अशाच एका मावशींबरोबर मी दवाखान्यात गेले होते. त्यांची भाषा तेलुगू. मराठी बाजारापुरती येते, दुखणं सांगण्यापुरती नाही. मला तेलुगू येत नाही, म्हणून शाळा बुडवून मुलगा आलेला. डॉक्टरांनी पाळीचं विचारलं. पोरगा लाजून गप्प, आईची मान खाली. शेवटी मुलानं सांगितलं, "कंबर दुखते म्हणतेय." गोळ्या कंबरेच्या मिळाल्या. बाई, कामगार, गरीब, तेलुगू भाषिक, यातलं नेमकं कोणतं खातं त्या दिवशी आड आलं? वेगळं काढून दाखवाच.

घरीही तेच. नवरा पॉवरलूमवर राबतो, मालकापुढे त्याचं काही चालत नाही हे खरंच. पण घरी आला की ताट त्याला आधी, आणि ती जेवून पुन्हा सुपाशी.

आणि हेही बोललं पाहिजे. शेजारी बसून विड्या वळणारी मुस्लिम बाई भाड्यानं खोली शोधते तेव्हा घरमालक नाव ऐकूनच नाही म्हणतो. तेव्हा आमच्या याच पद्मशाली, म्हणजे तेलुगू विणकर समाजातल्या, मावशी घरमालकाची बाजू घेतात. दोघींची मजुरी एक, छाट एक, तरी खोलीच्या दारात एक आत आणि एक बाहेर. मैत्रिणी आहेत त्या. पण या विषयावर एकमेकींशी बोलत नाहीत.

"आधी मजुरीचं बोलू, बाकीचं नंतर" हे मी सभांमधून कायम ऐकत आलेय. मला ते पटत नाही. मजुरीच्या मागणीपत्रातच लिहा: दवाखान्यात तेलुगू, कन्नड, उर्दू बोलणारी बाई हवी. आणि खोली नाकारणाऱ्या घरमालकाकडे दोघींनी मिळून जायचं, संघटनेनं सोबत जायचं.