वाढत्या अंगाची स्प्लेंडर

बाबांची २००१ची स्प्लेंडर गेले चार महिने निळा धूर सोडत होती, म्हणजे इतका की खालच्या काकू डासांची फवारणी आली समजून खिडक्या लावून घ्यायच्या. आणि बाबांचं एकच पालुपद, "इंजिनला आजतागायत हात लागलेला नाही!" अहो पण ऑइल पितंय त्याचं काय!

शेवटी वर्तकनगरच्या मेकॅनिककडे खोलली. ब्लॉकच्या आत, म्हणजे पिस्टन ज्या नळकांड्यात वरखाली होतो तिथे, उभा ओरखडा, नख फिरवलं की अडकायचं. "बोअर मारावा लागेल, साइज कुठली टाकू?" असं त्याने विचारलं आणि तिथून सगळा घोळ सुरू झाला, कारण बोअरमध्ये पण शर्टासारखी मापं असतात हे मला काय माहीत. तर असतात. पंचवीस, पन्नास, पंचाहत्तर, शंभर, म्हणजे मिलिमीटरचे शंभरावे भाग. मूळ बोअर, म्हणजे नळकांड्याचं आतलं भोक, ५० मिमीचा, तो तेवढा कापून वाढवायचा आणि त्या मापाचा पिस्टन टाकायचा.

भावोजी म्हणाले डायरेक्ट शंभर मार, पिकअप बघ कसला येतो. मी मोबाइलवर हिशोब केला: स्टँडर्ड ९७.२ सीसी, पन्नासला ९९.१, आणि अख्खा मिलिमीटर वाढवून १०१.१. एवढ्या पिकअपसाठी मी सकाळी पोट साफ करून निघालो तरी पुरे. आई म्हणाली, "मोठंच घे रे, वाढत्या अंगाला होईल." हिने याच तत्त्वावर मला दहावीपर्यंत दोन नंबर मोठे बूट घातले.

वागळे इस्टेटमधल्या लेथवाल्याने मात्र सगळ्यांना उडवून लावलं. "ओरखडा जाईल तेवढंच कापायचं. कापलेलं लोखंड परत चिकटवता येत नाही, आणि शंभर संपलं की नवा ब्लॉक." भोक मोजायचा बोअर गेज वर, मध्ये, खाली घालून बघितला, मग काटकोनात फिरवून परत तेच, कारण झीज सगळीकडे सारखी नसते, वर जिथे पिस्टनच्या रिंगा जाऊन परत फिरतात तिथे जास्त. आणि पिस्टन आधी आणायचा, तो मोजल्याशिवाय हा माणूस मशीन चालू करत नाही, मधली फट केसाहूनही बारीक ठेवायची असते.

"आधी कधी केलंय का काम?"

मी छाती फुगवून बाबांचं पालुपद म्हणून दाखवलं. त्याने काही न बोलता जुना पिस्टन उचलला, डोक्यावरची काजळी खरवडली, फुंकर मारली आणि माझ्यापुढे धरला. ०.५० असं ठसठशीत कोरलेलं.

बाबा शेजारीच उभे होते. ते एकदम भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला लागले, तेही मागच्या वर्षीचं. बाहेर आल्यावर म्हणाले, "गावाला जाताना एकदा ऑइल बघायचं राहिलं होतं. आईला बोलू नकोस."

झालं, आठवडाभराची चर्चा बाराच्या भावात गेली, पंचवीस आणि पन्नास तर बाबांनी परस्परच संपवलेले. सुदैवाने पंचाहत्तरमध्ये ओरखडा साफ निघाला. हिशोब केला तर १००.१ सीसी, म्हणजे इतकी वर्षं शंभरची म्हणून मिरवलेली गाडी आत्ता कुठे शंभरची झाली.

रात्री जेवताना मी हे कौतुकाने सांगितलं. आई म्हणाली, "म्हणजे परवापर्यंत कितीची होती?"

"नव्व्याण्णव," मी बोलून गेलो.

आईला काही कळलं नाही. बाबा मात्र अर्ध्या ताटावरून उठून कॅलेंडर वाचायला गेले.